चोरीचे पेरू

खाडीकाठच्या एका गावात, मशिदीला लागूनच, मुर्तुजा नावाचा एक बागाईतदार राहत होता. घर मोठं, बाग मोठी, मन मात्र एवढंसं. शेजारच्या कमरुद्दीनचं कुणी कौतुक केलं, की त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे.

त्यात कमरुद्दीनने एक गोष्ट केली. नमाजाआधी लोक वजू करत, म्हणजे हात-पाय-तोंड धूत. ते पाणी रस्त्यावर वाहून जाई. कमरुद्दीनने त्याला छोटा पाट काढून दिला आणि पाटाच्या शेवटी पेरूचं झाड लावलं. झाड फळांनी लगडलं. येणारा-जाणारा पेरू खाई आणि कमरुद्दीनला दुवा देई.

मुर्तुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी गाव झोपलं की तो टोपली घेऊन जाई, पिकलेले पेरू तोडी आणि आपल्या शेळ्यांना घाली. "आता घे म्हणावं दुवा!"

एका शुक्रवारी मौलवीसाहेब म्हणाले, "झाड लावणं हे दान आहे. फळ माणसाने खाल्लं, पाखराने खाल्लं, जनावराने खाल्लं, तरी सवाब, म्हणजे पुण्य, लावणाऱ्याला."

मुर्तुजाने घसा खाकरला. "आणि कुणी चोरून नेलं तर?"

"तरी त्यालाच."

मुर्तुजाचा चेहरा पडला. भर उन्हात घाम गाळला याने, आणि सवाब गेला कमरुद्दीनच्या पदरात! शेळ्यांनी खाल्लेल्याचा आणखी वेगळा. झाडच नाहीसं करावं म्हणून तो तणतणत कोयता आणायला गोठ्याकडे गेला.

गोठ्याच्या कडेला लेंड्यांच्या खतात पेरूची रोपं तरारली होती. त्याच चोरलेल्या पेरूंची. मुर्तुजा बघतच राहिला. झाड तोडलं तरी कमरुद्दीनचं दान कमी होणार नव्हतं, आणि आपण तर आजवर एक रोपही लावलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

एक रोप घेऊन तो कमरुद्दीनकडे गेला. "कमरुभाई, हे तुझ्याच झाडाचं. पेरू मीच चोरत होतो."

"ठाऊक होतं मला," कमरुद्दीन हसला. "शेळ्या केवढ्या माजल्यात तुझ्या!" आणि त्याने त्या रोपासाठी पाटाला दुसरा फाटा काढून दिला.

आता मुर्तुजाचं झाडही फळतं. दुपारी तो ओसरीवर डोळे मिटून पडतो, पण झोपत नाही. कुणी चोरायला येतंय का, याची वाट बघतो.

तात्पर्य: दुसऱ्याचं झाड ओरबाडून आपलं पुण्य वाढत नाही, हेवा वाटलाच, तर आपणही एक झाड लावावं.