काजळगडाच्या तळ्यातला दिवा

“...मग तुम्हीच सांगून टाका, उस्ताद. पहिला श्रेष्ठ की सहावा?”

केतकी गुंजाळ अजून उभीच होती. पायातले बूटही तिने काढले नव्हते.

चिंचेखालच्या बाजेवर बसलेल्या मुनीर उस्तादांनी मान वर केली नाही.

“आधी बस,” ते म्हणाले. “उन्हातून आलीस.”

खुलताबादच्या अलीकडे, सीताफळांच्या बागेत, उस्ताद एकटे राहत. तरुणपणी पुण्यात दोन दोस्तांना हाताशी धरून त्यांनी ‘धुकेरी’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ रचला होता. खेळणाऱ्याने वाटसरू व्हायचं, तलवार आणि मंत्र मिळवायचे, धुक्यात झोपलेल्या राज्यातले गड एकेक करून जागे करायचे. त्या पहिल्या भागात चित्र एकही नव्हतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत. खेळणारा दोन शब्द टाइप करी... पुढे जा, दार उघड... आणि गोष्ट हलत असे. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो खेळ शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये पसरला. पुढे उस्तादांनी शहर सोडलं. खेळ दुसऱ्यांच्या हाती गेला, त्याचे भाग निघत राहिले.

सहावा भाग केतकीच्या देखरेखीखाली झाला होता. तीनशे माणसं तिच्या शब्दावर चालत होती.

ती बाजेच्या कडेवर टेकली.

“जुने खेळाडू म्हणतात, धुकेरीचा जीव पहिल्या भागातच राहिला. नवे म्हणतात, पहिल्या भागात आहेच काय? माझ्या ऑफिसातही दोन तट पडलेत. एकमेकांशी बोलत नाहीत माणसं. आणि सातवा भाग सुरू करायचाय मला. मागे वळायचं की पुढे जायचं, ते मीच ठरवायचंय.”

“तुला काय वाटतं?”

“सहावा.” ती अडखळली नाही. “राग मानू नका. तुमच्याकडे ‘डोंगर’ हा शब्द होता. माझ्याकडे डोंगर आहे.”

“खरंय,” उस्ताद म्हणाले.

एवढ्या सहज होकाराची केतकीला अपेक्षा नव्हती. तिने आणखी जोर लावला.

“पहिल्या भागात लोक एकाच दारापाशी आठवडाभर अडकून पडायचे.”

“तेही खरंय. छळच होता तो. दाराला कडी आहे, हे लिहायलाच मी विसरलो होतो.”

ते मनापासून हसले. केतकीला मात्र हसू आलं नाही. तिने लॅपटॉप काढला, समोरच्या स्टुलावर ठेवला, खेळ सुरू केला.

“बघा.”

वारा सुटला. गवत सळसळलं. लांब कुठेतरी पाणी कोसळत होतं.

उस्ताद ऐकत राहिले. “गवत वाळलेलं आहे,” ते हळूच म्हणाले. “ओल्या गवताचा आवाज असा येत नाही. वा... हे आम्हाला कधी जमलं नसतं.”

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. ते चिंचेच्या बुंध्याकडे वळलेलं होतं, आणि डोळे उघडे होते.

तिचा हात आपोआप लॅपटॉप मिटायला गेला.

“काचबिंदू,” उस्ताद म्हणाले. “बरीच वर्षं झाली. तुला कुणी सांगितलं नाही वाटतं.”

“नाही...”

“मिटू नकोस. दाखवायला आलीस ना? दाखव.”

“पण कसं दाखवू?”

“आम्ही दाखवायचो तसं.”

बागेत कुठेतरी भारद्वाज घुमला. केतकीने बूट काढले, पाय वर घेतले आणि घसा साफ केला.

“हे काजळगडाचं खोरं. यात चार हजार झाडं आहेत. एकाचं पान दुसऱ्यासारखं नाही. दिवसातल्या प्रत्येक प्रहराचा उजेड वेगळा...”

“सामान नको सांगू, बेटा. तू कुठे उभी आहेस?”

“मी नाही, वाटसरू...”

“तूच.”



“मी... एका उतारावर उभी आहे.”

“पायाखाली?”

“मुरूम. थोडा घसरतोय.”

“समोर?”

“गड. काळा. सगळ्या खिडक्या बंद आहेत. आणि कोपऱ्यात एक बाण दिसतोय, दरवाजा कुठे आहे ते दाखवणारा.”

“आमच्याकडे बाण नव्हता.”

“म्हणून तर लोक हरवायचे.”

“हो,” उस्ताद म्हणाले. “हरवायचे... आता तू बाणाच्या मागे जाऊ नकोस. पाण्याचा आवाज येतोय, तिकडे जा.”

“तिकडे काही नाही, उस्ताद. नुसतं तळं आहे. कुणाला तिथे कामच पडत नाही.”

“तरी जा.”

केतकीने वाटसरूला वळवलं. बोलता बोलता तिचा आवाज खाली आला होता. करवंदीची जाळी बाजूला सारली, असं ती म्हणाली. काठावर शेवाळ आहे, जपून पाय टाकतेय, असं म्हणाली. कोसळणारं पाणी मागे राहिलं, आता इथे फार शांत आहे, असंही म्हणाली. हा सगळा मुलूख तिने शेकडो वेळा पाहिला होता, पण तो कुणाला कधी सांगितला नव्हता.

“काठावर आले.”

“खाली बघ.”

“पाणी आहे.”

“वाक.”

तिने वाकण्याचं बटण दाबलं. पडद्यावर तळं जवळ आलं. त्यात गड उलटा पडला होता. तट, बुरूज, बंद खिडक्यांच्या रांगा...

“गडाचं प्रतिबिंब आहे,” ती म्हणाली. “आणि...”

 तिने वाटसरूला वर बघायला लावलं. गड काळाच होता. पुन्हा खाली बघायला लावलं.

“उस्ताद, पाण्यात दिवा आहे.”



“वर गडावर नाही. फक्त पाण्यात आहे. एका खिडकीत. हे... हे आमच्या आराखड्यात नाही. मी हे मंजूर केलेलं नाही. मी स्वतः तपासलंय हे तळं! फक्त वाकून कधी पाहिलं नव्हतं...”

“कसा आहे?”

“लहान. पणतीएवढा. वारा नाही, तरी वात हलतेय.”

उस्तादांचा हात बाजेच्या दोरीवर घट्ट झाला.

“पुन्हा म्हण.”

“वारा नाही, तरी वात हलतेय.”

“खिडकी मी सांगतो,” उस्ताद म्हणाले. “उगवतीच्या बुरुजापासून तिसरी. अगदी वरच्या रांगेतली नव्हे. तिच्या खालच्या रांगेतली.”

केतकीने पडद्यावर बोट ठेवून खिडक्या मोजल्या. बुरूज, एक, दोन, तीन...

“तुम्हाला कसं माहीत?”



“पहिल्या भागात,” उस्ताद म्हणाले, “काजळगडापाशी सगळे टाइप करायचे, पुढे जा. मी तिथे आणखी एक वाक्य ठेवलं होतं. कुणी ‘खाली बघ’ म्हटलं, तरच उमटेल असं. तळ्यात गड दिसतो. त्यावर एक दिवा आहे. वारा नाही, तरी वात हलते... खिडकीसुद्धा लिहिली होती. माझ्या दोन्ही दोस्तांनाही सांगितलं नव्हतं मी.”

“आणि कुणाला सापडलं?”

“इतकी वर्षं माणसं येतात इथे. गडाबद्दल बोलतात, राक्षसाबद्दल बोलतात, त्या दाराबद्दल तर शिव्या घालतात. तळ्याचं नाव कुणी काढलं नाही. मला वाटलं होतं, ते वाक्य माझ्याबरोबरच जाणार.”

केतकी पडद्याकडे बघत होती. तिच्या तीनशे माणसांत कुणीतरी एक होतं. लहानपणी कधीतरी, कुठल्यातरी लॅबमध्ये, पुढे जायचं सोडून खाली वाकलेलं. मोठं होऊन ते तिच्याकडे कामाला आलं, आणि एक अक्षर न बोलता, जिथे कुणी बघणार नाही अशा पाण्यात, तोच दिवा लावून गेलं. जुन्या तटातलं होतं ते की नव्या?

प्रश्नच कुठेतरी घसरून गेला होता.

उस्ताद उठले. चपला त्यांनी बाजेखाली सारल्या. हाताने चाचपत स्टुलापाशी आले, गुडघे टेकले, आणि बोटांची टोकं पडद्याला लावली.

“ऊब आहे,” ते म्हणाले.

मग मान खाली घालून त्यांनी तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. देवळाच्या उंबऱ्याला शिवून लावावा तसा. केतकी झटकन उठून उभी राहिली. पण ते गुडघ्यांवर असताना आपण उभं राहणं तिला बरं वाटेना. तीही खाली बसली, जमिनीवर, त्यांच्या शेजारी.

काही वेळाने तिने मोबाइल काढला.

“मी आत्ता फोन करते ऑफिसात. शोधून काढते कोण ते. तुमच्याशी बोलायला लावते.”

उस्तादांनी चाचपून तिचा हात धरला. तिची बोटं मोबाइलभोवती मिटवली.

“विचारू नकोस.”

“का? तुम्हाला भेटायचं नाही?”

“भेटलो की आत्ता.”

पडद्यावर उजेड बदलत होता. काजळगडामागे सूर्य कलला, तळं तांबूस झालं. दिवा तसाच होता. केतकीला हुंदका आला. तिने तो लपवला नाही.

“तुमच्या दिव्याहून हा मोठा नाही, उस्ताद,” ती म्हणाली. “आणि लहानही नाही.”

“दिवा काय, एकच आहे.”

ती उशिरापर्यंत तिथेच बसून राहिली. निघताना बूट हातातच घेऊन फाटकापर्यंत आली, आणि वळली.

“उस्ताद... सातव्या भागात मी काय ठेवू?”

उस्ताद पुन्हा बाजेवर बसले होते.

“पाणी भरून ठेव,” ते म्हणाले. “दिवा लावणारा येईल.”