सायाळीच्या खड्ड्याजवळची चौथी हाक

रानाच्या तोंडाशी कोंडाजीबाबांनी हाक दिली, आणि पुढे चाललेल्या त्यांच्या सुनेनं ती ऐकूनही मान वळवली नाही. मला खटकलं ते एवढंच. बाबांनी आणखी तीनदा हाक दिली. चौथीला ती "ओ" म्हणाली.

"भांडण झालंय का?" मी दबकत विचारलं.

"भांडली असती तर चौथीलाबी गप ऱ्हायली असती!" बाबा हसले आणि वाटेवरच्या एका खळग्याशी टेकले. तिथं बेहड्याची पाच झाडं दाटीनं उभी आहेत. या जागेला सायाळीचा खड्डा म्हणतात.

पूर्वी इथं सायाळ, म्हणजे साळिंदर, धरायला पुरुषभर खोल खड्डे खणत. वर काटक्या-पाला पसरत, आणि माणसांना कळावं म्हणून शेजारच्या झुडपाला गवताची गाठ बांधत. येसू नावाची लेकुरवाळी सून एका सकाळी बेहडे वेचायला आली. तिच्या सासऱ्यानंच बांधलेली गाठ शेळीनं खाल्ली होती, असं सांगतात. येसूनं पाय टाकला आणि ती खाली गेली.

खाली रात्रीच एका कोपऱ्यातून पडलेली सायाळ होती; वरचा बाकी पाला तसाच राहिला होता. काटे फुलवून ती पाठमोरी झाली, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळले. येसू भिंतीला चिकटली. हलायला जागा नव्हती. दूध दाटून चोळी भिजली. घरी चार महिन्यांचं पोर उपाशी. इतक्यात वर काठाशी काहीतरी कुंईकुंई करू लागलं. सायाळीचं पिल्लू. येसू म्हणे खालच्या सायाळीला म्हणाली, "मी सुटले तर तूही सुटशील. आणि या रानात पुन्हा खड्डा पडणार नाही."

मोळ्या घेऊन बाया वरून चालल्या होत्या. येसूनं हाक मारली. पण गावाची समजूत अशी, की वाट चुकवणारं भूत, चकवा, तीनदाच हाक मारतो. चौथी हाक माणसाची. आणि चौथीपर्यंत थांबतंय कोण? पहिलीलाच बाया पळाल्या. दुपारी गुराखी पळाला. येसूचा घसा बसला.

उन्हं कलताना सासरा खड्डा बघायला आला. हाक ऐकून तोही माघारी वळला. तेवढ्यात खालून काटे खुळखुळले. शिकार सापडली होती! जीव म्हणे पळ, जीभ म्हणे थांब. दुसरी हाक आली, तिसरी आली. तो भीतीनं खोकला. तो खोकला येसूनं ओळखला.

"मामंजी..."

"ओ," म्हातारा म्हणाला, आणि काठाशी पालथा झाला.

त्यानं सुनेला वर ओढलं. मग तिच्या शब्दाखातर काठ ढासळून उतार केला. सायाळ चढून पिल्लाकडे गेली.

आजही या रानात कुणी खड्डा खणत नाही. सायाळी कंद उकरतात, त्या उकिरीत बिया साचून रुजतात. ही पाच झाडं त्यातलीच, असं बाबा म्हणाले. मी त्यांना सायाळीच्या दूरच्या भाऊबंदाचं, दक्षिण अमेरिकेतल्या अगूटीचं सांगितलं. तो बिया पुरून ठेवतो, काही विसरतो, आणि त्यांचं रान होतं.

"इसरत नसंल," बाबा म्हणाले. "ठेवत असंल कुणासाठी."

ते पुढे निघाले. मी सायाळीचा एक गळालेला काटा उचलायला वाकले, आणि ओढणी करवंदीच्या जाळीत अडकली. सोडवू गेले तर बाहीही अडकली. मान वर केली तेव्हा वाटेवर कुणी नव्हतं.

आजही इथं पहिल्या तीन हाकांना कुणी ओ देत नाही. ठाऊक होतं मला. तरी पहिली गेली, दुसरी गेली, तिसरीला आवाज फाटला, आणि रान तसंच गप्प.

मी चौथी हाक मारली.

"ओऽऽ! आलो गं पोरी!"