लढाईआधी पाडलेलं विजयाचं नाणं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा तुमच्या खापरपणजोबांनाही शेंबूड पुसता येत नव्हता. हसू नका, तुमचीही एके काळी तीच गत होती.

एका राजाने दूरच्या रोमी सम्राटांची एक रीत उचलली होती. लढाई जिंकली, की चांदीचं नाणं पाडायचं. एका बाजूला आपलं तोंड, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेला शत्रू. राजाच्या मिशा तर एवढ्या लांब, की त्यांची टोकं नाण्यात मावत नसत! वर कायदा असा, की राजाच्या नाण्यावरची गोष्ट जो नाकारेल, त्याची जीभ छाटायची.

एकदा शेजारचा राजा फौज घेऊन नदीपाशी ठेपला. नदी ओलांडली, की थेट राजधानीच!

राजाने टाकसाळ सांभाळणाऱ्या फटकळ म्हातारीला बोलावलं. "विजयाची नाणी पाड."

"महाराज, लढाई व्हायचीय अजून."

"जिंकणार आपणच! सैनिकांना आजच वाटू. कनवटीला विजय असला, की अंगात हत्तीचं बळ येतं."

"पोर जन्मायच्या आधी बारसं करू नये, महाराज."

"तू घण चालव, जीभ नको!"

नाणी पाडली, वाजतगाजत वाटली. एका सैनिकाने नाणं उलटून पाहिलं आणि तो सेनापतीकडे गेला.

"सरकार, लढाई संपली की!"

"कुणी सांगितलं रे?"

"खुद्द महाराजांनी. हे बघा, शत्रू गुडघ्यांवर. की तुम्ही नाही म्हणता?"

सेनापतीने आपली जीभ दातांमागे चाचपली. "छे छे! संपलीच म्हणायची," म्हणाला, आणि घोडा घराकडे वळवला. मागोमाग सगळी फौज. नाकं मुरडू नका. मरायचं टळत असतं, तर तुम्ही घोड्याच्याही पुढे पळाला असता.

शत्रू आरामात नदी उतरून आला. दरबारात त्याने ते नाणं उचललं. "हा गुडघे टेकलेला मी होय? नाक बरं काढलंय!" मग म्हातारीला म्हणाला, "आता माझ्या विजयाचं नाणं पाडा. नवी चित्रं किती कोरावी लागतील?"

"समोर तुमचं तोंड कोरते. मागच्या गुडघे टेकलेल्याला नुसत्या मिशा लावल्या, की झालं."

चित्र छोटं होतं ना, म्हणून या वेळी हरलेल्या राजाच्या मिशा नाण्यात अगदी टोकांसकट मावल्या.

तर बाळांनो आणि म्हाताऱ्यांनो, पक्कं ध्यानात ठेवा: लढण्याआधीच विजय वाटून टाकला, की लढायला कुणी उरत नाही.