तहानेचा मुशारा

या, अशा जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या. आजची गोष्ट जरा भ्यायची आहे. भीती वाटली तर माझा पदर धरा, पण मधे बोलायचं नाही.

एक माळ होता. दगडच दगड. तासभर चाललं तर कुठं एक बोरीचं झुडूप दिसायचं. त्या माळावर खैरटेक नावाचं गाव. गावाला विहीर एकच, तीही लांब, खाली ओढ्याकाठी. मग घरोघर पाणी कोण पोचवायचं? सटवाजी पखालजी. पखाल म्हणजे कातड्याची भली मोठी पिशवी, बरं का. ती विहिरीवर भरायची, हेल्याच्या पाठीवर टाकायची, आणि घराघरात रिकामी करायची. हेला म्हणजे रेडा. सटवाजीचा हेला इतका काळा, की त्याचं नावच ढग्या.

गाव सटवाजीला महिन्याला पाच रुपये मुशारा द्यायचं. मुशारा म्हणजे पगार. पाच रुपयांत तिघांचं पोट. सटवाजी, त्याची बायको साळू, आणि सात वर्षांची लेक गोजरी. भागायचं, पण ओढून ताणून. भाकरी असली तर तेल नसायचं, तेल आणलं तर मीठ संपायचं.

रोज जेवताना तिघांचा एक खेळ चालायचा. साळू म्हणायची, “अहो, पाचाचे शंभर झाले तर?”

सटवाजी म्हणायचा, “मी पुरून ठेवीन. एक मोडणार नाही. म्हातारपणी बसून खाऊ.”

“म्हातारपण कुणी पाहिलंय? मी घरावर कौलं घालीन. गोजरीला पैंजण करीन. गावाला जिलबी घालीन.”

“आणि मी ढग्याला गूळ आणीन,” गोजरी म्हणायची. मग तिघंही हसायची आणि होती नव्हती ती भाकरी खायची.

एकदा चैत्रात काय झालं, भर दुपारी सटवाजी विहिरीवर पखाल भरत होता. वर मान करतो तर काठावर एक माणूस उभा. उंच, पांढरा अंगरखा. एवढं ऊन, पण अंगावर घामाचा थेंब नाही. ओठ मात्र फुटलेले, वाळलेल्या चिखलासारखे. आणि एकदाही पापणी लवली नाही, बरं का. त्यानं वाकून ओंजळ भरली आणि तोंडाशी नेली. ओंजळ कोरडी. एक थेंब खाली सांडला नव्हता, तरी कोरडी.

मग तो सटवाजीला म्हणाला, “टेकावरच्या पांढऱ्या गढीत पाणी पोचवशील? रोज एक पखाल, भर दुपारी. भिंतीत दगडी पन्हळ आहे, तीत ओतायचं. आत डोकवायचं नाही. एक दिवस चुकवायचा नाही. महिन्याला शंभर रुपये.”

सटवाजीच्या हातातला दोर सुटला. “शंभर?”

“शंभर.”

आता गावाजवळच्या टेकावरची ती गढी सगळ्यांना ठाऊक होती. तिचं दार उघडं कुणी पाहिलं नव्हतं. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई सांगायची, “माझ्या आजीच्या वेळेलासुद्धा ते दार बंदच होतं.” तिकडं गुरं जात नव्हती. पण शंभर म्हणजे शंभर. सटवाजी दुसऱ्या दिवशी निघाला.

गढी पांढरीशुभ्र. जणू आज सकाळीच चुना दिलाय. पण चुना देणारं कुणी नाही. पाखरू नाही, मुंगी नाही. दारासमोरच्या जमिनीत मात्र खळगे पडलेले. माणूस खूप दिवस एका जागी बसला तर जमीन कशी घासते, तसे. एकाशेजारी एक, ओळीनं. ढग्या त्या ओळीपाशी आला आणि थांबला. पुढं पाऊल टाकीना. मग सटवाजीनं पखाल स्वतःच्या पाठीवर घेतली, पन्हळीपाशी गेला आणि ओतली.

आतून आवाज आला. घट, घट, घट. एक घसा पाणी पितोय. मग दुसरा. मग कितीतरी. पखाल रिकामी झाली तरी घशांचा आवाज चालूच. मग भिंतीवर आतून कोरडा पंजा आपटला. “अजून.”

सटवाजी पळत सुटला. पण दुसऱ्या दिवशी परत गेला हो. काय करणार?

महिना भरला. पन्हळीखाली थैली होती, शंभर रुपये, रोख. थैली सावलीत होती, तरी रुपये कढत. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखे.

साळूनं घरावर कौलं घातली. तिघांना नवी कापडं आणली. गावाला जिलबी घातली. त्यातलेच रुपये आटवून सोनाराकडून गोजरीला पैंजण केले. पोर दिवसभर छुमछुम करत नाचली. आणि दिवेलागणीला म्हणाली, “आये, पाणी.”

साळूनं तांब्या दिला. पोरीनं रिकामा केला. “आये, पाणी.” मग कळशी दिली. कळशी संपली. “आये, अजून.” सकाळी पाहते तर गोजरी ढग्याच्या डोणीत तोंड घालून पाणी पितेय, आणि तिचे ओठ फुटलेले.

साळूनं पैंजण काढले, फेकले. तहान जाईना. वैद्य आला. त्यानं वाळ्याचा काढा दिला, धन्याचं पाणी दिलं, कपाळावर लेप लावला. दिवस जात होते आणि पोर सुकत होती. दुसरा महिना भरला. पुन्हा शंभर आले.

सटवाजी चिडून म्हणाला, “तू उधळलंस म्हणून हे झालं. लक्ष्मी कोपली. आता एक मोडायचा नाही.” आणि त्यानं ते शंभरच्या शंभर घरात पुरले, माठाच्या तिवईखाली.

मग काय झालं? सकाळी भरलेला माठ दुपारी कोरडा. ना गळती, ना तडा. दारातला लिंब वाळला. शेजारणीचा रांजण आटला. गावाची विहीर रोज एक पायरी खाली जाऊ लागली. आणि दुपारी सगळं सामसूम झालं की घरातल्या जमिनीतून आवाज यायचा. टाळ्याला चिकटलेली जीभ सुटते ना, तसा. च्यक. च्यक. च्यक. शंभर जिभांचा.

वैद्य पुन्हा नवा काढा घेऊन आला. साळूनं त्याला हात जोडले आणि परत पाठवलं. नवऱ्याला म्हणाली, “दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला, असं चाललंय आपलं. रोग पोरीच्या अंगात नाही, या पैशात आहे. आज मी येते तुमच्याबरोबर.”

“अगं, आत डोकवायचं नाही म्हणालाय तो.”

“डोकवत नाही. विचारायचं नाही, असं तर म्हणाला नाही ना?”

गोजरीला शेजारणीपाशी ठेवून ती गेली. दुपार टळटळीत. गढीच्या भिंतीची सावलीसुद्धा पडली नव्हती. सटवाजीनं पाणी ओतलं. आतले घसे वाजले. पंजा आपटला. “अजून.” तशी साळू पन्हळीजवळ तोंड नेऊन म्हणाली, “देते अजून. आधी सांगा, कोण तुम्ही? माझी एकुलती एक पोर मरायला टेकलीय. तुमच्या पैशानं काय केलं तिला?”

 मग आतून आवाज आला, वाळलेली पानं चुरडल्यासारखा.

“आम्ही सात जण. या गढीचे मालक. तीन वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा आमचं टाकं पाण्यानं भरलेलं होतं. माळावरची माणसं दारात आली. आम्ही घोटाला रुपया घेतला. ज्यांच्याकडं होता त्यांना पाणी दिलं. ज्यांचा रुपया संपला ती दाराशी बसून राहिली. बसल्या जागीच गेली. एक दिवस पाहिलं तर टाक्यात पाणी नव्हतं. नुसते रुपये होते. त्या दिवशी आम्हाला तहान लागली. ती अजून आहे. आपल्या हातानं घेतलेलं पाणी ओंजळीत राहत नाही. दुसऱ्यानं ओतलेलं घशापर्यंत येतं, पोटात उतरत नाही.”

“मग आम्हाला शंभर का दिले?”

“वाटलं, रुपये बाहेर गेले की तहानही जाईल. ती तुझ्या घरी गेली, पण आमचीही गेली नाही.”

“मग ती उतरायची कशी?”

“ते ठाऊक असतं तर आम्ही इथं असतो का, बाई?”

साळू मागं वळली. समोर ती खळग्यांची ओळ. उन्हाची झळ हलत होती. त्या झळेत तिला दिसलं, बरं का, एकेका खळग्यात कुणीतरी बसलंय. मान खाली, हात पसरलेले. तिनं डोळे चोळले. खळगे रिकामे.

ती तडक खाली उतरली. घरी येऊन तिनं कुदळ घेतली आणि पुरलेले रुपये काढले. “अहो, हे रुपये पाण्यासाठी तडफडणाऱ्यांचे आहेत. अंगावर घातले तर आपल्याला तहान लागते. पुरले तर घराला लागते. यांचं पाणीच व्हायला हवं. गढीच्या दारात विहीर खोदायची.”

“त्या खडकात? आणि शंभरच्या शंभर घालायचे?”

“शंभर नाही. सगळे. पहिल्या महिन्याचेसुद्धा.”

मग तिनं कौलं उतरवून विकली. नवी कापडं विकली. फेकलेले पैंजण उचलून मोडले. विहिरी खोदणारा व्यंकू त्याची माणसं घेऊन आला. पहारी चालू झाल्या. दहा हात खोदलं, कोरडं. वीस हात खोदलं, कोरडं. तिसऱ्या महिन्याचा मुशारा आला, तोही खड्ड्यात गेला. तीस हातांवर थैली रिकामी झाली. खाली ठणठणीत काळा दगड.

व्यंकू वर आला, घाम पुसला. म्हणाला, “वहिनी, माझी माणसं कालपासून बिनमजुरीची खपतायत. आता हात उचलत नाही.”

गोजरी तिथंच गवताच्या पेंढीवर निजली होती. आता ती पाणीसुद्धा मागत नव्हती. नुसते ओठ हलत होते.

सटवाजीनं पोरीकडं पाहिलं.  कनवटीला हात घातला आणि एक रुपया काढला.

“साळू, मी एक ठेवला होता गं. वाटलं, सगळंच गेलं तर? एक तरी असावा.” तो ढसाढसा रडायला लागला. त्याच्या कमरेला, रुपया होता तिथं, भाजल्यासारखा लाल वळ उठला होता.

साळू रागावली नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, “द्या त्यांना.”

सटवाजीनं रुपया व्यंकूच्या हातावर ठेवला. व्यंकूनं तो आपल्या माणसांना दाखवला, पुन्हा पहार उचलली, आणि खाली उतरला. एक घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला दगडातून आवाज आला, झुळझुळ. व्यंकू ओरडला, “ओलं लागलं! दोर सोडा, दोर!”

पाणी आलं. आधी बोटभर, मग घोट्यापर्यंत, मग कमरेइतकं. पहिली कळशी वर आली. सगळे म्हणाले, “पोरीला द्या, आधी पोरीला द्या.”

साळूचा जीव तुटत होता. पण ती कळशी घेऊन त्या खळग्यांपाशी गेली. पहिल्या खळग्यात एक ओंजळ सोडली. दुसऱ्यात एक. अशी शेवटपर्यंत. जमीन ओंजळ पडताच पिऊन टाकत होती. शेवटच्या खळग्यात पाणी पडलं आणि वारा नसताना सगळ्यांच्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला. लांब. गार.

मग ती पळत पोरीकडं आली. मांडीवर घेतलं. तोंडात धार सोडली. गोजरीनं एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग हातानं कळशी बाजूला सारली.

“पुरे, आये.”

दोन महिन्यांत तो शब्द पोरीच्या तोंडून आला नव्हता. साळूनं तिला छातीशी धरलं आणि तेव्हा कुठं ती रडली.

दुपार अजून सरली नव्हती. सटवाजी उठला, नव्या विहिरीचं पाणी पखालीत भरलं. व्यंकू म्हणाला, “आता कशाला जाता?” सटवाजी म्हणाला, “तहानलेली आहेत ना ती. मी पखालजी आहे.” त्यानं पन्हळीत पाणी ओतलं. आतले घसे वाजले. सावकाश वाजले. मग एकेक करून थांबले. पंजा आपटला नाही. उरलेलं पाणी पन्हळीतून उलट बाहेर आलं, आणि दार करकरत आपोआप उघडलं.

आत कुणी नव्हतं. मधोमध टाकं. काठोकाठ रुपयांनी भरलेलं.  त्या रुपयांवरून वाफ निघत होती.

सटवाजीनं साळूकडं पाहिलं. साळूनं सटवाजीकडं पाहिलं. मग दोघांनी मिळून दार ओढून घेतलं. व्यंकूच्या माणसांनी दाराला दगडांची भिंत घातली. संध्याकाळपर्यंत गढीचा चुना गळून पडला आणि आत साधी काळी भिंत दिसू लागली.

पुढं सटवाजीला पाचच रुपये मुशारा मिळत राहिला. पण गावाजवळ पाणी आल्यानं त्याचे हेलपाटे अर्धे झाले. उरलेल्या वेळात तो माळावर झाडं लावायचा आणि पखालीनं शिंपायचा. गोजरी मोठी झाली, तिचं लग्न झालं, लेकरं झाली. सगळी सुखानं राहिली. त्या विहिरीवर आजही वाटसरू येतात. कुणी त्यांना नाव विचारत नाही, पैसा मागत नाही. पण दुपारी गेलात तर पहिली ओंजळ जमिनीवर सोडायची, मग आपण प्यायचं. जमीन किती पटकन पिते, ते बघत बसायचं नाही.

झालं. तांब्या भरून उशाशी ठेवलाय. ज्याला तहान असेल त्यानं आत्ताच प्यावं, म्हणजे पुन्हा उठायला नको. आणि आता गपचूप झोपा बघू.