लिंबाखाली कोण उतरणार?

एसटी नवीनवी होती आणि झाडं-पाखरं एकमेकांची विचारपूस करायची, तेव्हाची ही गोष्ट. गाडी गावाबाहेरच्या कडुलिंबाखाली थांबायची. लोक मुळांवर ओळीनं पिशव्या ठेवून नंबर लावायचे आणि सावलीत गप्पा मारत बसायचे. कंडक्टर ओरडायचा, "लिंबाखाली कोण उतरणार?" लिंबाला केवढं बरं वाटायचं!

पुढं माळावरच्या नव्या वस्तीनं अर्ज केला आणि थांबा तिकडं गेला. कंडक्टर सवयीनं तिथंही तेच ओरडायचा. उघड्या माळावर लोक हसायचे. इकडं लिंबाखाली पाचोळा तेवढा उरला.

"नव्या थांब्यावर माणूस नाही," कावळ्यानं खबर आणली. "नुसत्या पिशव्या उन्हात पडल्यात."

"म्हणजे तिथं कुणालाच करमत नाही!" लिंब सुखावला. "डेपोच्या साहेबाला माझी विनंती सांग. गाडी परत इकडं वळवा म्हणावं."

कावळा निघाला, पण वाटेत थांब्यावर उतरला आणि तसाच माघारी आला. "माणसं आहेत रे. लांब भिंतीच्या सावलीला चिकटून उभी असतात. वस्तीवरची सोनाई म्हातारी म्हणत होती, 'गाडी दाराशी आली म्हणून लेकीचं तोंड दिसतंय. डोक्यावर सावली तेवढी नाही बाई.'"

लिंबानं आपल्या रिकाम्या सावलीकडं पाहिलं. मग म्हणाला, "डेपोला नको जाऊस. माझ्या लिंबोळ्या पिकल्यात. पोटभर खा, अन् तिकडं जाऊन बस."

त्याला बरीच वर्षं झाली. माळावर गाडी सावलीत थांबते, कंडक्टर ओरडतो, "लिंबाखाली कोण उतरणार?"

आता कुणी हसत नाही.