टेकडीपर्यंत न येणारा रथ

फार पूर्वी, नदीकाठच्या एका नगरात टेकडीवरच्या शेवटच्या आळीत गोधड्या शिवणारी एक बाई राहायची. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना लागला होता आणि बाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

कारणही तसंच होतं. सुईण राहायची खाली नदीकाठी आणि नगराच्या बैलगाड्या टेकडीच्या पायथ्याशीच थांबायच्या. मागच्या खेपेला सुईण धापा टाकत चढ चढून येईपर्यंत बाळ गेलं होतं. आता पुन्हा तसंच झालं तर? बाईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यातच नगरप्रमुखाची निवडणूक आली. दोन उमेदवार उभे होते आणि दोघांनीही गाड्या सुधारायचं वचन दिलं होतं. त्या नगराची रीत अशी, की उमेदवाराने आपली गाडी मैदानात आणायची, लोकांनी तीत बसून एक फेरी मारायची आणि मग ज्याची फेरी आवडली त्याच्या रांजणात खडा टाकायचा. आता मैदानात कुणाचं घर होतं का हो? पण रीत ती रीत!

पहिल्या उमेदवाराने सहा बैलांचा रथ आणला. मऊ गाद्या, वर रेशमी छत. दुसऱ्याने आणली एका बैलाची साधी छकडी. लोक रथातून उतरायलाच तयार होईनात. "वा! सुख म्हणतात ते हेच," मिठाईवाला म्हणाला.

बाईही रथात बसली, पण तिचं लक्ष गादीकडे नव्हतंच. तिने पहिल्याला विचारलं, "दादा, हा आमच्या आळीत येईल का?"

"नगरभर फिरेल, मावशी!"

"नगरभर म्हणजे कुठं कुठं?"

"आधी निवडून तर येऊ द्या, मग बघू."

"अगं, फेरी मिळतेय ना, बस की गुपचूप!" मागून मिठाईवाला खेकसला.

बाई दुसऱ्याकडे गेली. तो छाती काढून म्हणाला, "माझी छकडी दारोदार येणार!"

"मग आत्ताच चला."

छकडी निघाली. चढाच्या मध्यावर बैलाने अशी बसकण मारली, की तो काही केल्या उठेना. उमेदवाराचा चेहरा पडला. "मावशी, खोटं कशाला बोलू? ही वाट मी पाहिलीच नव्हती. मीसुद्धा मैदानातच गाडी फिरवून बघितली."

बाईला रडूच फुटलं. "मग मी खडा टाकू तरी कुणाला? माझ्या लेकीचे दिवस भरलेत रे!"

छकडी तिथेच सोडून तो तिच्याबरोबर पायी वर गेला आणि उतरताना एकेक वळण बघत उतरला.

दुसऱ्या दिवशी तो दोन बैल जुंपून थेट बाईच्या दारात आला. मग मैदानात जाऊन म्हणाला, "माझी योजना चुकली होती. चढाला दोन बैल लागतात आणि एक छकडी कायम वर उभी ठेवावी लागेल. त्यामुळे चौकातल्या फेऱ्या कमी होतील."

लोकांनी त्याची हुर्यो उडवली. बाई गर्दीतून पुढे आली. "रथसुद्धा एकदा तुमच्या दारापर्यंत नेऊन बघा की! मग हसा."

मिठाईवाल्याने मोठ्या ऐटीत रथ आपल्या आळीत न्यायला लावला. रथ दोन भिंतींमध्ये असा अडकला, की पुढे जाईना आणि मागे येईना. घरात त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिला वैद्याकडे न्यायची वाटच बंद! तेव्हा कुठे त्याला घाम फुटला.

खडे टाकायच्या दिवशी बरेच जण तरीही रथाकडेच वळले. गादीचा मोह सुटतो होय? दुसरा उमेदवार निवडून आला, पण अगदी थोडक्यात.

आठच दिवसांत लेकीला कळा सुरू झाल्या. टेकडीवरची छकडी खाली धावली आणि सुईणीला घेऊन आली. बाई दाराबाहेर हात जोडून उभी होती. बराच वेळ आतून काहीच ऐकू येईना. तिच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग बाळाने टाहो फोडला.

सुईण बाहेर आली. "गळ्याला नाळ अडकली होती गं. पायी आले असते, तर हेही गेलं असतं."

बाई उंबऱ्यावर बसली आणि पोटभर रडली.

तात्पर्य एवढंच, की योजना ऐकायला किती गोड आहे ते बघू नका. ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्या दारापर्यंत ती पोचते का, ते खडा टाकायच्या आधी बघा.