खाडाखोड नसलेली वही

एका खोऱ्यात बारा गावं होती. बारा गावांत बारा शाळा होत्या आणि त्या सगळ्यांचा कारभार पाहायला एक शाळामंडळ होतं. दर गावचा एक सभासद. शाळेवर कौलं घालायची असोत, फळे रंगवायचे असोत की मुलांच्या जेवणाला तांदूळ घ्यायचा असो, मक्ता कोणाला द्यायचा ते हे मंडळ ठरवी. मंडळाचे अध्यक्ष दाजीसाहेब आणि कारकून अच्युतराव. ही गोष्ट अच्युतरावांची आहे.

अच्युतरावांचं अक्षर देखणं. ठरावांची वही बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली होती आणि बावीस वर्षांत तिच्यात एकही खाडाखोड झाली नव्हती. जिल्ह्याच्या तपासनिसांनी एकदा तिच्यावर शेरा मारला होता, ‘वही आदर्श.’ अच्युतरावांनी त्या शेऱ्याची नक्कल काचेत बसवून आपल्या खुर्चीमागे टांगली होती. कचेरीत कोणी नवा माणूस आला की ते जरा बाजूला सरकून बसत, म्हणजे काच दिसे.

आता बारा माणसांच्या सभेची वही इतकी स्वच्छ राहते कशी? बारा तोंडं असली की बोलणं फिरतं, अडतं, कोणी मध्येच आपलं म्हणणं मागे घेतं. अच्युतरावांनी त्यावर तोड काढली होती. सभेच्या आदल्या दिवशीच ते ठराव लिहून ठेवत आणि प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असं घालून मोकळे होत. दुसऱ्या दिवशी दाजीसाहेब विषय वाचत, सभासद माना डोलावत आणि चहा निवायच्या आत सह्या होत. आधी कळस, मग पाया, असा हा कारभार होता. पण सगळ्यांच्या सोयीचा होता, म्हणून कोणी काही म्हणत नसे.

मंडळाचा एक नियम मात्र चांगला होता. एकाही सभासदाने विरोध केला आणि तो वहीत चढला, तर मालाची तपासणी झाल्याशिवाय मक्ता देता येत नसे. बावीस वर्षांत या नियमाला कोणी हात लावला नव्हता. लावणार कसा? विरोध चढवायला वहीत जागाच उरत नसे.

त्या वर्षी धरणाचं पाणी चढलं आणि पैलवाडीची शाळा आणि वाट दोन्ही पाण्याखाली गेल्या. पैलवाडीच्या बेचाळीस मुलांना अलीकडच्या शाळेत यायचं तर होडीवाचून इलाज नव्हता. मंडळापुढे होडीचा मक्ता आला. अर्ज एकच होता आणि तो दाजीसाहेबांच्या व्याह्यांचा होता. दाजीसाहेब माणूस वाईट नव्हते. पण व्याह्याला नाही म्हटलं की घरात दोन माणसांची तोंडं फिरतात, हे त्यांना ठाऊक होतं.

सभा सकाळी अकराला भरली. दाजीसाहेबांनी विषय वाचला. वही फिरू लागली, अकरा सह्या झाल्या आणि ती पैलवाडीच्या सभासद तानूबाईंपुढे आली. तानूबाईंचा बाप नावाडी, नवराही नावाडी. त्यांचा सगळा जन्म पाण्याकाठी गेला होता. सही त्या उतारवयात शिकल्या होत्या आणि दर सभेला एकेक अक्षर सावकाश काढीत. त्या दिवशी त्यांनी पेन उघडलंच नाही.

“होडी जुनी हाय,” त्या म्हणाल्या. “काल मी घाटावर जाऊन बघितली. तळाच्या तीन फळ्या बद्द वाजत्यात. तिच्यात पोरं बसवायची न्हाईत.”

“तानूबाई, होडीला नवं डांबर दिलंय,” दाजीसाहेब म्हणाले.

“डांबर वरनं देत्यात, दाजीसाहेब. लाकूड आतनं कुजतं.”

चहा आला होता, तो सगळे पिऊ लागले. अच्युतरावांची नजर वहीवर होती. पान सुरेख उतरलं होतं. ओळी सरळ, समास सारखा, खाली ‘सर्वानुमते मंजूर’. आता यावर काट मारायची ही कल्पनाच त्यांना सोसेना.

ते तानूबाईंकडे झुकून हळूच म्हणाले, “आज सही करून टाका. तुमचं म्हणणं पुढच्या सभेला वेगळा विषय म्हणून घेतो. चांगलं ठळक लिहितो.”

“पुढची सभा दोन म्हैन्यांनी. होडी सोमवारी सुटणार.” तानूबाईंनी पेन वहीवर आडवं ठेवलं. “वही तुमची साफ ऱ्हाईल, अच्युतराव. पोरांचं मी काय सांगू.”

पुढचा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. पाण्याकाठची माणसं बुडण्याचं नाव काढत नाहीत.

एवढ्यावर सभा जेवायला उठली. जेवण दाजीसाहेबांकडे होतं आणि विरोध वहीत चढला नसल्याने जेवणानंतर मक्त्याच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. अच्युतराव मात्र पंगतीला गेले नाहीत. अकरा सह्यांखालची ती मोकळी जागा त्यांना दातात अडकलेल्या शितासारखी सलत होती. होडी आपणच पाहून यावी, ती धड आहे असं तानूबाईंना सांगावं आणि सही घ्यावी, असा विचार करून ते घाटावर निघाले. खरं सांगायचं तर तेव्हाही त्यांना काळजी होती ती वहीचीच.

होडी काठावर ओढून ठेवली होती. डांबर उन्हात चकचकत होतं. अच्युतरावांना होडीतलं काही कळत नव्हतं. पण घरचा माठ गेली तीस वर्षं तेच आणत होते आणि बाजारात बोटाने ठोकून पाहिल्याशिवाय त्यांनी एकही माठ घेतला नव्हता. त्यांनी पहिली फळी ठोकली. ठण. दुसरी ठोकली. ठण. पुढची ठोकली आणि त्यांचा हात थांबला. फुटका माठ जसा बोलतो तशी ती बोलली. तिच्या शेजारच्या दोन फळ्याही तशाच.

त्यांनी खिशातून कचेरीची किल्ली काढली आणि तिचं टोक डांबरावर दाबलं. किल्ली लाकडात निम्मी आत गेली.

अच्युतराव तिथेच काठावर बसले. होडीने येणाऱ्या मुलांची यादी त्यांनी स्वतःच लिहिली होती. बेचाळीस नावं, एकाखाली एक, तितक्याच सुरेख अक्षरात. त्यांना आता ती नावं एकामागून एक आठवू लागली. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली. मग ते उठले आणि झपाझप कचेरीकडे चालू लागले.

सभासद जेवून परतले होते, पानसुपारी चालली होती. मक्त्याचा कागद दाजीसाहेबांपुढे होता. अच्युतरावांनी वही उघडली, लाल शाईचं पेन घेतलं आणि सगळ्यांच्या देखत ‘सर्वानुमते मंजूर’वर एक रेघ ओढली. रेघ एकच, म्हणजे खालचं वाचता यावं. घाईत शाईचा एक ठिपकाही पडला. त्याखाली त्यांनी लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं: ‘तळाच्या फळ्या कुजल्या आहेत असे सांगून तानूबाईंनी विरोध केला. मी तो लिहिला नाही. नंतर होडी स्वतः पाहिली. त्यांचे म्हणणे खरे आहे.’ खाली सही केली.

दाजीसाहेबांचा चेहरा उतरला. “बावीस वर्षांची वही घालवलीत, अच्युतराव. उद्या तपासनीस आले तर काय दाखवाल?”

“हेच पान दाखवीन,” अच्युतराव म्हणाले. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. तिला कुजक्या लाकडाचा ओला भुसा चिकटला होता. “ही आपल्याच कचेरीची किल्ली. होडीच्या तळात एवढी आत गेली.”

किल्ली हातोहात फिरली. पहिल्या सभासदाने ती पाहिली आणि म्हणाला, “माझी सही खोडा.” मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. शेवटी किल्ली दाजीसाहेबांच्या हातात आली. त्यांनी तिच्यावरचा भुसा चिमटीत चुरून पाहिला. मग मक्त्याचा कागद बाजूला सारला, चपला घातल्या आणि ते घाटावर गेले. परत आले तेव्हा त्यांनी सांगितलं, “व्याह्यांना मी सांगतो.”

पंधरा दिवस मास्तर डोंगरावरून वळसा घालून पैलवाडीला गेले आणि देवळाच्या पडवीत वर्ग भरला. सोळाव्या दिवशी दुसऱ्या मक्तेदाराची नवी होडी आली. वजन पेलते का हे पाहायला ती दिवसभर वाळूची पोती भरून पाण्यात उभी केली. तानूबाईंनी तिची एकेक फळी ठोकली आणि मगच पेन उघडून सावकाश आपली सही काढली.

हिवाळ्यात तपासनीस आले. त्यांनी वही मागितली आणि पानं भराभर उलटू लागले. अच्युतरावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. लाल रेघेच्या पानावर तपासनीस थांबले. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. मग भिंतीवरच्या काचेकडे पाहिलं आणि म्हणाले, “तो माझाच शेरा आहे. तेव्हा मी चुकलो होतो. या मंडळाची पहिली सभा या पानावर झाली. त्याआधी बावीस वर्षं नुसता चहा झाला.”

अच्युतरावांनी त्याच दिवशी काच उतरवली. तेव्हापासून सभेच्या आदल्या दिवशी ते वहीत फक्त विषय लिहीत आणि त्याखाली अर्धं पान मोकळं सोडत.

तात्पर्य: वहीत खाडाखोड नाही म्हणून कारभार चोख ठरत नाही, विरोधाचा शब्द जिथे लिहिला जातो आणि आपली चूक जिथे आपल्याच हाताने खोडली जाते, तिथलाच कारभार चोख.